हवालदाराला हसावे कुणी?

मागच्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या चित्रपट-बैठकीची जबाबदारी माझ्याकडे आली. बैठक म्हणजे काही रीतसर फिल्म सोसायटी नव्हे. दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये वीस-पंचवीस माणसे जमतात. आधी पोहे आणि चहा, मग चित्रपट, मग वाद, आणि शेवटी उरलेले पोहे डब्यात भरून ज्याच्या त्याच्या घरी. ह्या खेपेला बाहेर बर्फ होते, शनिवार सबंध मोकळा होता, म्हणून मी एकाऐवजी दोन चित्रपट लावले. दोन्ही एकाच दिग्दर्शकाचे, दोन्ही विनोदी, आणि दोन्हींत कायदा धाब्यावर बसवणारे पोलीसच नायक. पहिला 'द गार्ड' (२०११), आयर्लंडमधला. दुसरा 'वॉर ऑन एव्हरीवन' (२०१६), अमेरिकेतला.

पहिल्या चित्रपटाला बेसमेंट दणाणून गेले. दुसऱ्याला अर्धी मंडळी हसत होती आणि अर्धी गप्प होती. तो सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच आमच्यातल्याच एका कुटुंबाचा तिशीतला मुलगा शांतपणे उठला, जिना चढून वर गेला, आणि चित्रपट संपेपर्यंत काही खाली आला नाही.

निवड माझी असल्यामुळे मला वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला. आजकालच्या पिढीला थट्टा सोसत नाही, असे माझ्या मनात येऊन गेले. नंतर दोन्ही चित्रपटांवर त्या त्या वेळी आलेली परीक्षणे मी काढून वाचली, तेव्हा लक्षात आले की आमच्या बेसमेंटमध्ये जे घडले तेच समीक्षकांतही घडले होते. 'द गार्ड'चे जवळजवळ एकमुखाने स्वागत झाले. 'वॉर ऑन एव्हरीवन'वर सरळ दोन तट पडले. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, तिरकस संवादांची धाटणीही तीच. मग असे का व्हावे? ह्या प्रश्नाने मला काही आठवडे सोडले नाही. त्यातून जे हाती लागले ते ह्या पुरवणीच्या वाचकांपुढे ठेवतो.

जुनी ओळख

लाचखाऊ पोलिसाला हसणे आपल्याला नवे नाही. आपल्या वगात राजा आला की प्रधान येतो, आणि प्रधानामागून कोतवाल आणि हवालदार येतातच. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार म्हणून उभे राहिले की प्रेक्षक पहिल्या वाक्याच्या आधीच हसायला तयार असत. कोतवालीच्या खुर्चीसाठी चाललेली खटपट बघताना कुणाला धक्का बसत नसे. कारभार असाच चालतो, हे प्रेक्षकाला ठाऊकच होते. कुणीतरी ते व्यासपीठावरून मोठ्याने म्हणते आहे, ह्याचा आनंद होता. पुढे १९७५ साली दादांनी 'पांडू हवालदार' काढला, आणि तो पोलीस घराघरात पोचला.

हे आपलेच वैशिष्ट्य आहे असे मात्र नाही. फ्रान्समध्ये १९८४ साली क्लोद झिदी ह्यांनी 'ले रिपू' नावाचा चित्रपट केला. फ्रेंच तरुणांच्या बोलीत शब्दाची अक्षरे उलटीपालटी करण्याची पद्धत आहे. 'सडका' ह्या अर्थाचा शब्द तसा उलटा केला की 'रिपू' होतो. फिलिप न्वारे ह्या थोर नटाने त्यात पॅरिसच्या एका वस्तीतला जुना मुरलेला पोलीस रंगवला आहे. खाटकाकडून मटण, हॉटेलवाल्याकडून जेवण, खिसेकापूकडून वाटा: ज्याला आपण हप्ता म्हणतो त्याची अगदी साग्रसंगीत मांडणी. त्याच्या हाताखाली एक प्रामाणिक तरुण येतो, आणि हळूहळू चेला गुरूच्या वरताण होतो. फ्रान्समध्ये ह्या चित्रपटाची पन्नास लाखांहून अधिक तिकिटे खपली, आणि १९८५ साली सेझार पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शक हे दोन्ही मान त्याला मिळाले. सेझार म्हणजे फ्रेंचांचे ऑस्कर. विनोदी चित्रपटाला असा मान सहसा मिळत नाही.

तेव्हा 'भ्रष्ट पोलिसावर विनोद' हा विषयच समीक्षकांना खटकतो, असे म्हणता येत नाही. खटकले असेल ते दुसरेच काही.

गॉलवेचा सार्जंट

दोन्ही चित्रपटांचा कर्ता जॉन मायकल मॅकडोना. त्याचा धाकटा भाऊ मार्टिन मॅकडोना हा नाटककार आणि 'इन ब्रूज', 'थ्री बिलबोर्ड्स'चा दिग्दर्शक. हे दोघे भाऊ लंडनमध्ये वाढले, पण आईवडील आयर्लंडच्या पश्चिम भागातले, पोटासाठी लंडनला आलेले. म्हणजे आपल्या मुलांसारखेच. घरी एक देश, दाराबाहेर दुसरा, आणि 'तुम्ही मूळचे कुठले?' ह्या प्रश्नाला दोन उत्तरे.

'द गार्ड' घडतो तो त्याच पश्चिम आयर्लंडमध्ये, गॉलवे परगण्यातल्या कॉनेमारा भागात. आयरिश पोलीसदलाचे नाव 'गार्डा शीओखाना', म्हणजे शांततेचे रखवालदार. स्थापना १९२२ सालची. लोक पोलिसाला नुसते 'गार्ड' म्हणतात. चित्रपटाचा नायक सार्जंट जेरी बॉइल ही भूमिका ब्रेंडन ग्लीसनने केली आहे. सुरुवातीलाच भरधाव गाडीतली तरुण पोरे अपघातात मरतात. बॉइल सावकाश चालत जातो, मेलेल्या पोराचा खिसा चाचपतो, त्यात सापडलेली नशेची गोळी स्वतःच्याच जिभेवर ठेवतो आणि समुद्राकडे बघत राहतो. नायकाची ओळख अशी! पुढे कळते की तो दारू पितो, सुटी काढून वेश्यांबरोबर मजा करतो आणि वरिष्ठांना जुमानत नाही.

मग प्रचंड किमतीचा अमली पदार्थांचा साठा येणार अशी खबर लागते आणि अमेरिकेहून एफबीआयचा अधिकारी वेंडेल एव्हरेट येतो. हे काम डॉन चीडलने केले आहे. एव्हरेट कृष्णवर्णीय आहे, उच्चशिक्षित आहे, शिस्तीचा आहे. पहिल्याच बैठकीत बॉइल सर्वांसमोर त्याच्या वर्णावरून एक अत्यंत मूर्ख शेरा मारतो, आणि हटकल्यावर, वंशभेद ही तर आम्हा आयरिश लोकांची संस्कृतीच, अशा अर्थाचे उत्तर देतो. पुढे हळूहळू उलगडते की तस्करांनी आजूबाजूचे सगळे पोलीसदल विकत घेतले आहे, आणि त्यांचा पैसा घेत नाही तो एकटा हा बदनाम सार्जंट.

जानेवारी २०११ मध्ये हा चित्रपट सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, बर्लिनला पहिल्या चित्रपटासाठीच्या पुरस्कारात त्याचा खास उल्लेख झाला, आणि ग्लीसनला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. अमेरिकेतले ज्येष्ठ समीक्षक रॉजर ईबर्ट ह्यांनी त्याला चारपैकी साडेतीन तारे दिले. खुद्द आयर्लंडमध्ये तर त्याने केन लोच ह्यांच्या 'द विंड दॅट शेक्स द बार्ली'ला मागे टाकून स्वतंत्र आयरिश चित्रपटांतला कमाईचा विक्रम केला. समीक्षकांनी ग्लीसनला भरभरून दाद दिलीच, पण बहुतेकांनी त्याची आणि चीडलची जुगलबंदी हाच चित्रपटाचा कणा मानला.

माझा स्वतःचा एक अनुभव इथे सांगतो. १९९० च्या दशकात, अमेरिकेला येण्याआधी, मी तीन वर्षे गॉलवे परगण्यात डॉक्टर म्हणून नोकरी केली. कॉनेमाराच्या एका खेड्यात मी दुकानात शिरलो की आतली गप्पांची भाषा आयरिश असायची. सुरुवातीला मला वाटायचे, मला बघून मुद्दाम बदलली. चित्रपटात असाच एक प्रसंग आहे. एव्हरेट चौकशीसाठी दारोदार फिरतो, आणि लोक त्याच्याशी आयरिशमध्ये बोलून त्याला वाटेला लावतात. आमच्या बेसमेंटमध्ये ह्या प्रसंगाला सर्वांत मोठा हशा झाला. आपणही लिफ्टमध्ये गोऱ्या माणसासमोर चटकन मराठीत शिरतोच की!

पण ह्या प्रसंगात एक बारकावा आहे. एव्हरेट मूर्ख ठरतो, तसे ते गावकरीही अडाणी हट्टी ठरतात. आणि एव्हरेट तेवढ्यावर गप्प बसत नाही. तो बॉइलला तोडीस तोड उत्तरे देतो, त्याचे अज्ञान त्याच्या तोंडावर मारतो, आणि कधीकधी बॉइल मुद्दाम वेड पांघरतो आहे की खरोखर वेडा आहे हे न कळून स्वतःच चक्रावतो. ह्या चित्रपटात ज्याला टोमणा बसतो, त्याला बोलायला तोंड दिलेले आहे. बॉइलची मरणाला टेकलेली आई, नाहीशा झालेल्या तरुण पोलिसाची परदेशातून आलेली बायको, सायकलवर हिंडणारा एक चोंबडा पोरगा, सगळेच त्याला सुनावतात. तो ऐकून घेतो.

आणखी एक गोष्ट. आयर्लंडमधले गणवेशातले पोलीस सहसा बंदूक बाळगत नाहीत. मी तीन वर्षांत एकाही साध्या गार्डच्या कमरेला पिस्तूल पाहिले नाही. बॉइल कितीही नाठाळ असला तरी गावातून चालताना तो गावातलाच एक माणूस असतो.

आयरिश पोलीस धुतल्या तांदळासारखे होते म्हणून हे हसणे जमले, असे मात्र कुणी समजू नये. वायव्येकडच्या डोनेगॉल परगण्यात पोलिसांनी बनावट पुरावे रचल्याच्या, निरपराध कुटुंबाला खुनाच्या संशयात गोवल्याच्या प्रकरणाची न्यायमूर्ती मॉरिस ह्यांच्या आयोगाने २००२ पासून चौकशी केली, आणि २००८ पर्यंत त्याचे अहवाल एकामागून एक येत राहिले. म्हणजे विकाऊ पोलीसठाण्याची थट्टा बघणाऱ्या आयरिश प्रेक्षकाला ती हवेतली वाटत नव्हती. पण त्याची चौकशी झाली होती, अहवाल छापले गेले होते, झाले ते चूक होते असे सरकारी कागदावर उमटले होते. हसायला थोडी मोकळी जागा तयार झाली होती.

आल्बुकर्कीचे दोन वीर

आता दुसरा चित्रपट. मध्यंतरी २०१४ मध्ये मॅकडोनाने ग्लीसनलाच घेऊन 'कॅल्व्हरी' हा एका धर्मगुरूवरचा गंभीर चित्रपट केला, त्याचेही कौतुक झाले. मग तो अमेरिकेत आला. 'वॉर ऑन एव्हरीवन' न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की शहरात घडतो. टेरी मनरो (अलेक्झांडर स्कार्सगार्ड) आणि बॉब बोलान्यो (मायकल पेन्या) हे दोघे जोडीदार पोलीस. गुन्हेगारांना पकडायचे ते त्यांचा माल आणि पैसा उकळायला. चित्रपट सुरू होतो तो एका पाठलागाने. चेहरा पांढरा रंगवलेला एक मूकाभिनय करणारा कलाकार पळतो आहे, आणि मागे ह्यांची गाडी. मूकाभिनेत्याला गाडीने उडवले तर तो ओरडेल का, असा प्रश्न एकाला पडतो, आणि लगेच तो करूनच बघतात.

पुढे एका मोठ्या लुटीचा माग काढता काढता दोघे एका उमराव इंग्रज खलनायकापर्यंत पोचतात. मध्येच आइसलंडची फेरी होते, ग्लेन कॅम्पबेलची गाणी वाजत राहतात, दोघे तत्त्वज्ञांची नावे फेकतात. शेवटी खलनायकाच्या धंद्यात लहान मुलांचे शोषण आहे असे उघड होते आणि आमचे वीर एकाएकी न्यायाचे दूत होऊन बंदुका उपसतात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनला तो प्रथम दाखवला गेला, ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये आला, आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१७ मध्ये मोजक्याच चित्रगृहांत लागला. परीक्षणे वाचताना दोन तट स्पष्ट दिसतात. एका तटाला नटांची जोडी आवडली, चटपटीत संवाद आवडले, १९७० च्या दशकातल्या जोडगोळी पोलीसपटांची ही वेडीवाकडी नक्कल आहे हे ओळखून त्यांनी मजा घेतली. हा चित्रपट सगळ्यांचीच टर उडवतो, कुणालाच वगळत नाही, म्हणून तो प्रामाणिक आहे, असाही युक्तिवाद झाला. दुसऱ्या तटाला तीच गोष्ट खटकली. विनोद सुटे सुटे आहेत, त्यांना बुडखा नाही. स्वतःच्या हुशारीवर चित्रपट फार खूश आहे. आणि लहान मुलांच्या शोषणासारखा विषय शेवटी आणून नायकांना पावन करून घेणे ही पळवाट आहे, असे त्यांचे म्हणणे.

मी आधी पहिल्या तटात होतो. म्हणून तर चित्रपट लावला. आता मला दुसऱ्यांचे म्हणणे अधिक पटते, पण त्यांनी दिलेल्या कारणांपलीकडे आणखी एक कारण आहे असे मला वाटते, आणि ते त्या शहराच्या नावात आहे.

मार्च २०१४ मध्ये आल्बुकर्कीच्या डोंगरपायथ्याशी झोपण्याचा तळ ठोकून राहिलेल्या जेम्स बॉइड नावाच्या बेघर, मनोरुग्ण माणसाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याची चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ह्या शहराच्या पोलिसांवरच्या दीर्घ चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले. २००९ ते २०१२ ह्या काळात पोलिसांच्या गोळीने वीस माणसे मेली होती, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा बळाचा वापर समर्थनीय नव्हता, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फर्ग्युसन घडले. जुलै २०१६ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी लुइझियानात आल्टन स्टर्लिंग आणि मिनेसोटात फिलँडो कॅस्टील पोलिसांच्या गोळीने मेले, आणि त्याच आठवड्यात डॅलसमध्ये पाच पोलिसांची हत्या झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये, लंडनचे समीक्षक हा चित्रपट बघत होते त्याच सुमारास, बॉइडवर गोळ्या झाडणाऱ्या दोन पोलिसांच्या खटल्यात ज्यूरीचे एकमत होऊ शकले नाही आणि खटला निकालाविना संपला.

चित्रपटात ह्यातले काही नाही. शहर आहे, वाळवंटातला लखलखीत उजेड आहे, पण ज्यांना ह्या शहराच्या पोलिसांची भीती वाटत होती ती माणसे जवळजवळ नाहीत. रेजी नावाचा कृष्णवर्णीय खबऱ्या आहे, त्याच्या तोंडी काही खमंग वाक्ये आहेत, हे मान्य केले पाहिजे. बोलान्यो स्वतः मेक्सिकन वंशाचा आहे. पण एव्हरेटसारखा, ह्या पोलिसांना समोर उभे करून 'हे काय चालवले आहे?' असे विचारणारा कुणी नाही. त्यांचा वरिष्ठ दटावतो, पण ते लटके. आणि पहिलाच ज्याला ते चिरडतात तो कोण? मूकाभिनेता. ज्याला बोलायचेच नाही असा माणूस. दिग्दर्शकाने ते गमतीने केले असेल, पण सबंध चित्रपटाचे वर्म त्या पहिल्या मिनिटात आहे.

'सगळ्यांची टर उडवतो म्हणून न्याय्य' हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा पडतो. युद्ध सगळ्यांविरुद्ध पुकारले आहे खरे, पण बंदूक आणि बिल्ला एकाच बाजूकडे आहे.

इथे मला आपले 'घाशीराम कोतवाल' आठवले. विजय तेंडुलकरांच्या ह्या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. नाटक सुरू होते ते नाचगाण्यात आणि थट्टेत. प्रेक्षक मजेत हसत असतो. मग कोतवाल झालेला घाशीराम चोरीच्या आळातून एका ब्राह्मणाच्या हातावर तापलेला गोळा ठेवायला लावतो, आणि तो माणूस किंचाळतो. प्रेक्षागृहातले हसणे तिथे चटकन थांबते. त्या नाटकाचे एकोणीस प्रयोग होऊन संस्थेने ते थांबवले, मग कलावंतांनी वेगळी संस्था काढून ते पुन्हा उभे केले, १९८० च्या युरोप दौऱ्याला विरोध झाला, हा सारा इतिहास आपल्या पिढीला माहीत आहे. त्या वादात जातीचा आणि इतिहासाचा प्रश्न होता, त्यात आज मी शिरत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की तेंडुलकरांनी चिरडलेल्या माणसाला ओरडू दिले.

स्वयंपाकघरातली गोष्ट

त्या शनिवारी चित्रपट संपल्यावर मी वर गेलो. तो मुलगा स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकत होता. मी म्हटले, "अरे, एवढा राग आला का सिनेमाचा?"

तो म्हणाला, "सिनेमाचा नाही, काका. तो माइम पळायला लागला आणि खाली सगळे हसले ना, तेव्हा मला बसवेना."

मग त्याने सांगितले. चार वर्षांपूर्वी तो रात्री कामावरून परतत होता. मागचा एक दिवा गेला होता. पोलिसांनी थांबवले. त्याने शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. एकाचा हात पिस्तुलावर होता. त्याला खाली उतरवून थंडीत रस्त्याच्या कडेला बसवले, गाडी तपासली, आणि वीसेक मिनिटांनी, काहीही न सांगता, जायला सांगितले. मारले नाही, दंडही केला नाही. "म्हणजे तसं काही झालंच नाही," तो म्हणाला. "म्हणून आईबाबांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, दिवा आधीच दुरुस्त करायचा होतास."

त्याचे आईबाबा त्या क्षणी खाली हसत होते. आता त्यांना ठाऊक आहे. त्याने स्वतः सांगितले. इथे लिहितो आहे तेही त्याला विचारूनच.

चहा घेऊन आम्ही खाली आलो तेव्हा आमच्या बैठकीतले सर्वांत वयस्क सभासद बोलत होते. साताऱ्याकडे ते हेडमास्तर होते, इथे मुलीकडे राहतात. सगळे त्यांना सरच म्हणतात. सर सांगत होते, "आमच्या गावचा हवालदार पैसे घ्यायचा, पण मला बघून विडी लपवायचा. त्याची पोरं माझ्या शाळेत होती ना! त्याला हसायला आम्हाला भीती कसली?" मंडळी हसली. सर मात्र थांबले. कप खाली ठेवून म्हणाले, "पण हे मी सांगतोय, हेडमास्तर. गावाबाहेर पारध्यांची पालं होती. कुठं चोरी झाली की तोच हवालदार रात्री तिथं जायचा. त्यांना कुणी विचारलं नाही, हवालदार विनोदी वाटतो का."

त्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलिसांची नजर गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ते असेल. त्यातले पोलीस रात्री घरात शिरतात, मारझोड करतात, माणसे उचलून नेतात. 'विच्छा'तला हवालदार आणि 'उचल्या'तला हवालदार ह्यांचा गणवेश एकच आहे. मी ही दोन्ही दर्शने आयुष्यभर दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवली होती. हसायचे ते तमाशाच्या तंबूत, हळहळायचे ते पुस्तक वाचताना. सरांनी एका वाक्यात कप्प्यांमधली फळी काढून टाकली.

मला जे उमगले ते असे. लाचखाऊ पोलिसाला मोकळेपणाने हसतो तो, ज्याचे तो फक्त पैसे घेतो. ज्याच्याकडून तो आणखी काही घेऊ शकतो, झोप, अब्रू, प्राण, त्याला हसायला यायचे तर चित्रपटात त्याच्या बाजूचे कुणीतरी असावे लागते. 'द गार्ड'मध्ये ते होते. 'वॉर ऑन एव्हरीवन'मध्ये नव्हते. समीक्षकांतले दोन तट विनोदबुद्धी असणाऱ्यांचे आणि नसणाऱ्यांचे नव्हते. कोण कुठे उभे राहून बघत होते, ह्याचे होते.

आपण, म्हणजे तिकडून पदवी घेऊन इकडे आलेली मंडळी, तिकडे बहुतेक हेडमास्तरांच्या बाजूला उभे होतो. इथे आल्यावरही चांगला मोहल्ला, चांगली गाडी, स्वच्छ कागदपत्रे ह्यांच्या जोरावर आपण त्याच बाजूला आहोत, असे धरून चाललो. आपली मुले रात्री गाडी चालवतात तेव्हा ती कुठल्या बाजूला असतात, हे आपण त्यांना विचारलेले नाही.

ह्याचा अर्थ असे चित्रपट बघू नयेत, असे माझे म्हणणे नाही. दोन्ही बघा, आणि शक्यतो लागोपाठ बघा. मीही 'द गार्ड' पुन्हा बघणार आहे. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला तो आडदांड सार्जंट मला अजून आवडतो. फक्त दिवा मालवण्याआधी आसपास कोण कोण बसले आहे ते एकदा बघून घ्या, आणि कुणी मध्येच उठून वर गेले तर चित्रपट थोडा थांबवून, मागे जाऊन चहा टाकायला मदत करा. मी ते दीड तास उशिरा केले.

पुढच्या बैठकीसाठी चित्रपट निवडायचे काम आता त्या मुलाकडे दिले आहे. त्याने 'पांडू हवालदार' मागितला आहे. म्हणतो, तुम्ही इतकी वर्षे कशाला हसत आलात ते एकदा बघू तरी द्या. सर त्याच्या शेजारी बसणार आहेत.